दादाला दिसेनासं झालं ते वर्ष

आमच्या वडिलांनी शेवटची अकरा वर्षं गेरमधल्या, म्हणजे आमच्या नमद्याच्या गोल तंबूतल्या खाटेवर, दाराकडे तोंड करून काढली. दोन्ही डोळे गेले होते. दाराचा जरा आवाज झाला की मान वर करून विचारायचे, "कोण आलंय?" कधी शेळी असायची, कधी नुसता वारा. माझा थोरला भाऊ गोंबोसुरेन तेव्हा विशीतला होता. तो म्हणायचा, "वारा आलाय बाबा. बसायला सांगू का?" वडील हसायचे. दादा मात्र हसत नसे. बाहेर जाऊन उगाचच गाडीचं बॉनेट उघडून उभा राहायचा.

त्याने एकतीस वर्षं गोबीच्या वाळवंटात गाडी चालवली. आधी सहकारी मंडळाचा पाण्याचा टँकर, मग लोकरीचा ट्रक, आणि पाहुणे यायला लागल्यापासून ती करडी रशियन डबागाडी. पाहुण्यांना घेऊन तो चार दिवसांचा फेरा करायचा. योलच्या घळीतला बर्फ, खोंगोरची वाळू, बायनझागचे लाल कडे, आणि परत. मी बरोबर स्वयंपाकाला. आमच्याकडे रस्ते नाहीत, चाकोऱ्या आहेत. एका जागी दहा चाकोऱ्या फुटतात, आणि त्यातल्या नऊ कुणाच्या तरी विहिरीपाशी जाऊन संपतात. दादाला कुणी नकाशा दाखवला की तो म्हणायचा, "घडी घालून ठेवा, वाऱ्यात चूल पेटवायला होईल." डोंगरांची नावं तो वाटेत घेत नसे. आमच्यात कुणीच घेत नाही, त्यांच्यासमोर तर नाहीच. तो म्हणायचा "थोरले", "मधले", "धाकटे". घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं.

मला कळलं ते एप्रिलमध्ये.

त्याआधी काही दिवस त्याने एक खेळ काढला होता. "नान्सा, सांग बघू, तो समोरचा उंट कुठल्या रंगाचा?" मी सांगायची. "आणि त्या दगडांच्या राशीवर निळं कापड आहे की पांढरं?" मी तेही सांगायची. मला वाटलं, वेळ घालवतोय. मग एका दुपारी आम्ही एका विहिरीवर थांबलो. दादा खाली उतरला, कोटातून तपकिरीची डबी काढली, रिवाजाप्रमाणे उजव्या हातावर धरून पुढे केली आणि म्हणाला, "सुखरूप आहात ना? जनावरं तगून आहेत ना?"

समोर पत्र्याचं पिंप होतं. त्यावर कुणीतरी कोट वाळत घातला होता.

मी खदखदून हसले. मला वाटलं, गंमत करतोय. पण त्याचा हात तसाच पुढे राहिला, आणि चेहरा बघितल्यावर मी हसायची थांबले.

"दादा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला कशाला फसवतोस?"

त्याने डबी आत ठेवली. कोटाची बटणं लावायला त्याला फार वेळ लागला. "पांढऱ्या महिन्याच्या सणापासून, नवं वर्ष लागलं तेव्हापासून. धूर साचल्यासारखं वाटतं. उन्हात जास्त. सकाळी बरं असतं."

"वहिनीला माहीत आहे?"

"दाशन्यामला सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही." मग स्वतःचंच बोलणं ऐकून तो कसंनुसं हसला. "तसंही फार दिवस बघणार नाहीये म्हणा."

"आपण दवाखान्यात जाऊ."

"शरदात परवान्याची तपासणी आहेच. तेव्हा काय ते कळेल. एवढा एक उन्हाळा, नान्सा."

"आणि तोवर?"

"तोवर तू आहेस ना पुढच्या सीटवर."

मी हो म्हणाले. का म्हणाले हे मी नंतर शंभर वेळा स्वतःला विचारलं. त्याच्यावर माया होती हे खरं. पण खरं तर त्या खाटेवर दाराकडे तोंड करून बसलेला दादा माझ्या डोळ्यांसमोर आला होता, आणि तो मला बघवत नव्हता.

आम्ही खुणा ठरवल्या. पाहुण्यांना शंका येऊ नये म्हणून मी त्याला खायला विचारायची. "दादा, आरूल देऊ?" म्हणजे हळू कर. आरूल म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या वड्या, दगडासारख्या कडक. "चहा घेतोस?" म्हणजे डावीकडे घे. "बोर्त्सोग देऊ?" म्हणजे उजवीकडे. तळलेल्या कणकेचं नाव निघालं की तो बिनतक्रार उजवीकडे वळायचा. मे महिन्यात पहिले दोन फेरे असेच पार पडले. एका पाहुणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भावाला एवढं खायला घालू नका हो, पोट सुटेल त्याचं." मी हसले. रात्री माझे जबडे दुखायचे. दिवसभर दात आवळून बसायची ना मी.

तिसरा फेरा इचिनखोर्लोबाईंचा होता. बाई उत्तरेकडच्या जंगलपट्टीतल्या, निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं भूगोल शिकवला, गोबीसुद्धा शिकवली, ती भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवून. प्रत्यक्ष कधी बघितली नव्हती. आता वय बहात्तर, हृदय कमजोर, पर्समध्ये गोळ्या. बरोबर मुलगा तुव्शिन, राजधानीत बँकेत होता. तो आईला काचेच्या भांड्यासारखा जपायचा.

पहिल्या दिवशी योलच्या घळीत बाई बर्फावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाहेर ऊन, आणि आत कड्यांच्या सावलीत हिवाळ्यातला बर्फ अजून शिल्लक. "मुलं म्हणायची, बाई, वाळवंटात बर्फ कसा असेल? मी म्हणायचे, पुस्तकात आहे म्हणजे असेल. मला स्वतःला पटत नव्हतं." वर कड्यावर रानबोकड होते. त्यांनी बोट दाखवून विचारलं, "गोंबोसुरेन, ते सात आहेत की आठ?" दादाने मान वर केली, थोडा थांबला आणि म्हणाला, "बाई, आठवा नेहमी लपलेला असतो." बाई हसल्या. बोकड पाचच होते.

दुसऱ्या दिवशी खोंगोरची वाळू. बाई गुडघ्यांवर रांगत वीसेक पावलं चढल्या. मग धाप लागली. तुव्शिनने हात धरून त्यांना खाली आणलं आणि स्वतः एकटा माथ्यावर गेला. वाळू घसरली की ती गुरगुरते, दूरवर एखादं विमान जावं तशी. बाई आणि दादा खाली बसून ते ऐकत होते. मी चुलीपाशी शेवया लाटत होते.

"तुम्ही वर जात नाही?" बाईंनी विचारलं.

"वरून बघून काय करायचं, बाई? इथून ऐकू येतं तेवढं पुरे."

बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला ते आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून वारा होता. वादळ नव्हे, पण हवेत बारीक धूळ चढली आणि आभाळ, जमीन सगळं एकाच पांढुरक्या रंगाचं झालं. उजव्या हाताला डोंगर दिसायला हवेत, ते पुसून गेले. दादा गाडीला टेकून उभा होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी हळूच म्हणाले, "आज नको जाऊया. इंजिनात काहीतरी बिघडलंय म्हणून सांगू."

"इंजिनाला नावं ठेवायची? त्यानं काय वाकडं केलंय?"

"दादा."

"सावकाश जाऊ. तू आहेस ना."

तेवढ्यात तुव्शिन पुढचं दार उघडून आत बसला. "ताई, मी आज पुढे बसतो. मागे पोटात ढवळतं माझ्या."

काय बोलणार? मी दादाकडे बघितलं. दादाने गाडी सुरू केली. मी मागे, बाईंच्या शेजारी.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. मागच्या खिडकीची काच खरवडलेली. पुढचं बघायला मी दोन सीटांच्या मधून मान ताणून बसले होते. दादा फार सावकाश चालवत होता. चाकोऱ्या फुटल्या की त्याची मान किंचित मागे वळायची.

"दादा, चहा घेतोस?"

तो डावीकडे वळला.

"आत्ता तर घेतला त्यांनी," तुव्शिन म्हणाला.

थोड्या वेळाने समोर काहीतरी काळसर दिसलं. झुडूप की खड्डा ते कळेना. "दादा, आरूल देऊ?" गाडी हळू झाली. झुडूपच होतं.

"ताई, त्यांना चालवू द्या की," तुव्शिन हसत म्हणाला. "सारखं काय ते आरूल आरूल!" आणि त्याने हातातला मोबाईल उंच करून माझ्या तोंडासमोरच बाहेरचा फोटो काढायला सुरुवात केली. त्याचा दंड मध्ये आला. मला पुढचं काही दिसेना.

"जरा हात खाली—" मी म्हणाले.

तेवढ्यात जमीन संपली.

वाळक्या ओढ्याचा काठ होता. पुरुषभरही उंच नसेल, पण सरळ तुटलेला. गाडी नाक खाली करून आदळली. भांडी, पीठ, बाईंची पर्स, सगळं पुढे गेलं. मग एकदम शांत. फक्त कुठेतरी पाणी गळत होतं.

"आई!" तुव्शिन ओरडला.

"मी आहे," बाई म्हणाल्या. त्या माझ्या मांडीवर पडल्या होत्या. कपाळावर खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण श्वास तुटक तुटक येत होता. मी पर्स शोधली, गोळी शोधली, त्यांच्या जिभेखाली ठेवली. पहिली गोळी खाली पडली होती, ही दुसरी.

पाण्याचं मोठं कॅन फुटलं होतं. उरलं एक थर्मास चहा आणि दीड बाटली पाणी. मोबाईलला रेंज नव्हती. दादा उजवं मनगट डाव्या हातात धरून बसला होता. हात वेडावाकडा दिसत होता.

तुव्शिनने त्याच्याकडचं दार ओढून उघडलं. "एवढा मोठा काठ! समोर! आंधळे आहात का तुम्ही?"

दादा म्हणाला, "हो."

तुव्शिनला वाटलं, उलट बोलतोय. "काय हो?"

"मला दिसत नाही. चार महिने झाले. उजव्या डोळ्याने उजेड कळतो, डाव्याने तोही धड नाही." मग जरा थांबून, "माझ्या बहिणीला बोलू नका. मीच तिला बांधून ठेवलंय."

तुव्शिनचं तोंड उघडं राहिलं. तो चार पावलं लांब गेला, पाठ फिरवून उभा राहिला. मला वाटलं, आता परत येऊन मारेल. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो आला आणि एवढंच म्हणाला, "माझी आई होती आत."

दादाने मान खाली घातली.

मी लाटणं काढलं, दादाच्या हाताला लावलं, कमरपट्ट्याने घट्ट बांधलं. तो ओठ चावत होता. मग म्हणाला, "नान्सा, गाडीची चाकं बघ. मोडलीयत?"

"नाही. रुतलीयत फक्त."

"मग तू चालव."

"मी? मी मोटारसायकलशिवाय—"

"साहेबांना येते?"

"माझी ऑटोमॅटिक आहे," तुव्शिन चिडून म्हणाला. "असला गिअरचा दांडा मी हातात धरला नाही कधी."

तासभर आम्ही दोघांनी वाळू उपसली. ओढ्यात झाग नावाच्या वाळवंटी झाडाची वाळकी लाकडं पडलेली होती, ती चाकांखाली घातली. तुव्शिन एक उभं झाड मोडायला निघाला, तर दादा आवाजावरूनच ओरडला, "उभं तोडू नका! पडलेलंच घ्या." तुव्शिन मला म्हणाला, "बघा, मरायला टेकलोय आणि ह्यांना झाडाची पडलीय." पण त्याने झाड सोडलं.

मग प्रश्न आला, जायचं कुठे? काठ चढवता येणार नव्हता. डोंगर दिसत नव्हते. सूर्य म्हणजे वर नुसता एक पांढरा डाग.

बाई मागे आडव्या झाल्या होत्या. तिथूनच त्यांचा बारीक आवाज आला. "हे ओढे डोंगरातून निघून उत्तरेकडे उतरतात. वाळूत पाण्याच्या रेघा असतील. त्या जिकडून आल्यात तिकडे गेलं की डोंगर."

दादा एकदम सरळ बसला. "बरोबर. आणि पायथ्याशी झऱ्यांवर मे महिन्यात माणसं असतातच. नान्सा, ओढ्यातूनच वर घे. ओढा कधी खोटं बोलत नाही."

पुढचा दीड तास! "क्लच दाब," दादा म्हणायचा. "तो ब्रेक. तोही नाही, तो माझा पाय." गाडी उसळायची, बंद पडायची. प्रत्येक वेळी बंद पडली की मला वाटायचं, आता ही सुरू व्हायची नाही, आणि बाईंचा श्वास मागे मोजत बसावं लागेल. बाटलीतलं पाणी तुव्शिन झाकणाने त्यांना पाजत होता. दादा मला विचारत होता, "खडी कसली आहे? काळी की तांबूस?"

"काळी. बारीक."

"पुढे चल. तांबूस आली की पायथा जवळ आला, सांग."

"दादा, या धुळीत मला रंग नीट कळत नाही!"

"मग मला तर अजिबातच कळत नाही. तू बघ."

तांबूस खडी आली. मग शेळ्यांच्या लेंड्या. दादाने मला गाडी थांबवून एक उचलून आणायला लावली, बोटांत चुरडली आणि म्हणाला, "आजची आहे." आणि त्यानंतर कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. आधी मला नाही, त्याला. तुव्शिनने खिडकीतून डोकं काढून सगळी ताकद लावून हाक मारली, "कुत्री धरा! कुत्री धरा!" बँकेतला माणूस, पण गेरपाशी येताना मारायची हाक अस्सल आमची निघाली.

गेरमधून एक जाडजूड बाई पातेलं हातात घेऊनच बाहेर आली. आम्हाला बघून एवढंच म्हणाली, "आधी चहा. गोष्ट नंतर." तिचा नवरा मोटारसायकल घेऊन टेकडीवर फोन लावायला गेला.

चहा पिताना बाईंचा रंग परत आला. त्या दादाला म्हणाल्या, "मला वाळूपाशीच कळलं होतं."

दादाने त्यांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"मी बोट दाखवलं की तुमची मान वळायची, नजर वळायची नाही. चाळीस वर्षं फळ्यापुढे उभी होते. शेवटच्या बाकावर कुणाला दिसत नाही, ते मला सांगावं लागत नाही."

"आई, मग बोलली का नाहीस?" तुव्शिन जवळजवळ किंचाळला.

"बोलले असते तर तू तिथूनच मागे फिरवली असतीस. मला लाल कडे बघायचे होते." बाईंनी वाडगा खाली ठेवला. "माझीही लबाडीच."

तुव्शिन उठून बाहेर गेला. मला तेव्हा रडू आलं. दिवसभर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाशन्यामवहिनी शेजाऱ्याची गाडी घेऊन आली. तिने दादाचा हात बघितला, डोळे बघितले, त्याला कोटात गुंडाळून गाडीत बसवलं. त्याला एक शब्द बोलली नाही. मग माझ्याकडे आली. "तू माझ्या घरी रोज चहा प्यायलीस, नान्सलमा. रोज. आणि एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" ती मला कधी पूर्ण नावाने हाक मारत नसे. त्यानंतर नऊ महिने ती माझ्याशी बोलली नाही. पांढऱ्या महिन्याच्या सणाला भेटावंच लागतं म्हणून भेटली, रिवाजाप्रमाणे माझ्या कोपराखाली हात दिला आणि कानाशी म्हणाली, "अजून राग आहे." मी म्हणाले, "असू दे." तिथून हळूहळू बोलणं सुरू झालं.

राजधानीत डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, जाड पिकलेला. "एवढा थांबलात कशाला? अर्ध्या तासाचं काम." दादा म्हणे भिंतीकडे तोंड करून बसला. वडिलांचंही हेच असेल, आणि ते अकरा वर्षं उगाच बसले असतील, हे त्याच्या मनात आलं असणार. उजवा डोळा साफ झाला. डाव्यात आत आणखी काही होतं, तो तसाच राहिला. मनगट जरा वाकडं जुळलं. परवाना त्याने स्वतः नेऊन दिला. कुणी मागायच्या आधी.

मी परीक्षा दिली. तिसऱ्या खेपेला पास झाले. आता गाडी मी चालवते, दादा शेजारी बसतो आणि एका डोळ्याने सगळं बघतो, बघून बोलतो, आणि त्याचं बोलणं थांबत नाही. "डावीकडे घे. एवढी डावीकडे नको. त्या उंटाला नवीन पिल्लू झालंय. गाडी बघ, उंट बघू नको."

भीती मात्र गेली नाही. निघायच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. आभाळ पांढुरकं झालं की मी गाडी थांबवते, खाली उतरते, पुढे पन्नास पावलं चालून बघते आणि मग परत येऊन चालवते. पाहुणे वैतागतात. वैतागू देत.

बाई पुढच्या वर्षी सप्टेंबरात परत आल्या. तुव्शिनने फोनवर मला चौदा प्रश्न विचारले, टायरांपासून माझ्या चष्म्याच्या नंबरापर्यंत. मी सगळ्यांची उत्तरं दिली. तोही आला, मागे बसला, आईचा हात धरून. बायनझागला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कडे पेटल्यासारखे दिसतात त्या वेळी. बाई दादाचा हात धरून काठाच्या दिशेने चालल्या होत्या, तुव्शिन त्यांच्या मागे. दादा सांगत होता, इथे पाय ठेवा, इथे नको, भुसभुशीत आहे. "नकाशात ह्याला तपकिरी रंग दिला होता," बाई म्हणत होत्या. "केवढी चूक!"

मी गेले नाही त्यांच्याबरोबर. काठापासून चांगली दोनशे पावलं मागे गाडी लावली होती, तरी मी हँडब्रेक दोनदा ओढून बघितला, आणि चारी चाकांखाली घालायला दगड शोधत फिरत होते.